आधारवर माहेरचं नाव आहे म्हणून मुलाकात नाकारली. आणि लेकीला न्यावं का?

मोगरा

नमस्कार. खरं नाव देत नाही, समजून घ्या.

माझे मिस्टर श्रावणापासून आत आहेत. बांधावरून झालेल्या मारामारीची केस आहे. चार्जशीट दाखल झालंय, पण केस अजून उभी राहिलेली नाही. कोण खरं कोण खोटं ते कोर्ट बघेल, ते मी इथं विचारत नाहीये. मुलाकातीबद्दल विचारायचंय, कारण गावात विचारायची सोय नाही. तोंड उघडलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत.

आधी ते जवळच्याच जेलमध्ये होते. तिथं जागा नाही म्हणून दसऱ्यानंतर लांबच्या मध्यवर्ती कारागृहात हलवलं. आम्हाला कोणी कळवलं नाही. मी नेहमीसारखी मुलाकातीला गेले, तर खिडकीवरचे हवालदार म्हणाले, "बाई, ते गेले की परवाच्या गाडीनं." आता पहाटेची एसटी धरली तर दहाच्या सुमारास पोचते.

खरी अडचण पुढं आहे. माझ्या आधारवर अजून माहेरचं नाव आहे. जुन्या जेलमध्ये चालत होतं, तिथले लोक तोंडओळखीचे झाले होते. नव्या ठिकाणी म्हणाले, आडनाव जुळत नाही, बायको कशावरून? मंगळसूत्र दाखवू का म्हटलं, तर "ते कुणीही घालतं." सोबत सासरे होते. त्यांचं आडनाव जुळलं, त्यांना सोडलं. पण मामांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, आणि तिथं मध्ये काच नि फोनवर बोलायचं. मामा आत नुसते "बरा हाईस का, बरा हाईस का" करत राहिले. मी बाहेर पिशव्या धरून. बाहेर आल्यावर म्हणाले, "काय तरी सांगत होता. वही का काय म्हणत होता." कसली वही ते अजून कळलेलं नाही.

तर माझे प्रश्न असे:

नाव बदलून यायला महिना जाईल. तोवर मला भेटता येणारच नाही का? बायकोला अडवता येतं का असं?

लेक पहिलीत आहे. तिला आम्ही सांगितलंय की पप्पा कामाला गेलेत. हे म्हणतात तिला इथं आणायचं नाही. ती रोज विचारते. मला तर वाटतं न्यावं, पण जेलच्या दारात नेऊन तिच्या मनावर काय होईल?

आधी कोर्टाच्या तारखेला व्हरांड्यात तरी पाच मिनिटं दिसायचे, सोबत आणणारी पोलीस पार्टी चांगली असली तर बोलूही द्यायची. आता तारीख व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर होते. कोर्टात जाऊन काय बघायचं, टीव्ही?

आणि सासूबाईंना गुडघ्यामुळे एसटी जमत नाही. त्यांना घरून व्हिडिओवर दाखवता येतं असं ऐकलं, खरं का?

---

जळगावकर

ताई, आधारची वाट बघत बसू नका. विवाह नोंदणीचा दाखला असेल तर तो न्या. नसेल तर रेशनकार्ड, त्यावर दोघांची नावं असतील. सगळ्यात बिनतोड म्हणजे मुलीचा जन्मदाखला. त्यावर आईचंही नाव असतं, बापाचंही. आमच्या वहिनीचं त्यावरच काम झालं होतं. सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स, मूळ प्रत पिशवीत.

व्हिडिओचं खरं आहे. ई-मुलाकात म्हणतात. सरकारचं ई-प्रिझन्सचं पोर्टल आहे, त्यावर कैद्याचं नाव, जेल, तुमची माहिती भरायची. कोरोनात २०२० ला सगळ्या मुलाकाती बंद पडल्या तेव्हापासून हे जास्त सुरू झालं. जेलने मान्य केलं की मोबाईलवर लिंक येते. सेतूवाला किंवा गावातला कॉम्प्युटरवाला पोरगा भरून देईल, पण ओटीपी तुमच्याच मोबाईलवर घ्या.

---

आटपाडीकर

मोगराताई, मी निवृत्त शिक्षक. माझा पुतण्या तीन वर्षं कच्चा कैदी होता, म्हणजे निकाल लागायच्या आधीच आत. पुढे निर्दोष सुटला, पण ती तीन वर्षं काही कोर्टाने परत दिली नाहीत. त्याचे आईवडील नाहीत, त्यामुळे मुलाकातीला मी आणि त्याची बायको. खिडकीवरचं तुमचं बोलणं वाचताना त्या हवालदाराचा चेहरासुद्धा डोळ्यांपुढं आला.

पहिली गोष्ट. खिडकीवर "होत नाही" म्हणाले की आपण मागं फिरतो. फिरायचं नाही. शांतपणे म्हणायचं, "साहेब, मी अधीक्षकसाहेबांच्या नावानं अर्ज देते, नाही तर नाही असं त्यावर लिहून द्या." अर्ज घरूनच लिहून न्या. चार ओळी पुरेत: मी अमुकची पत्नी, नात्याचे पुरावे सोबत, आधारवर माहेरचं नाव असल्याने आज मुलाकात नाकारली, ती मिळावी. खाली तारीख, सही, मोबाईल. दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का मागा. तोंडी नकार द्यायला काहीच लागत नाही. लेखी नकार देताना माणूस दहादा विचार करतो. आमच्याकडे बहुतेक वेळा शिक्का द्यायची पाळीच आली नाही, "या, या, आजच्या दिवस सोडतो" असं झालं. हे आजच्या दिवसचं सोडणं पुढं रोजचं होतं.

दुसरं, आतूनही हालचाल हवी. तुमच्या मिस्टरांनी आतल्या तुरुंगाधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा, की माझ्या मुलाकातीला ही ही माणसं येतील, त्यात पत्नीचं माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं. पत्राने कळवा त्यांना. पोस्टाचं पत्र अजूनही आत जातं. उघडून वाचतात, म्हणून केसबद्दल त्यात अवाक्षर नको, पण जातं.

आता मामांचं. त्यांना घरी ठेवू नका, बाप आहे तो. पण पुढच्या वेळी जाड स्केचपेनने मोठ्या अक्षरात कागद लिहून द्या. एका कागदावर एकच वाक्य. "आई बरी आहे." "वकिलांची फी दिली." "हरभरा पेरला." आधी हवालदाराला सगळे कागद दाखवायचे, मग आत काचेला लावून धरायचे. पलीकडून पोरगा मान हलवून हो-नाही करतो. शेजारच्या खिडक्यांवर इतका गलका असतो की चांगल्या कानाच्या माणसालाही निम्मंच कळतं. एक बाई मुलाला शिव्या देत असते, एक रडत असते, एकजण जामीनदाराचा सातबारा वाचून दाखवत असतो, आणि त्यात आपला फोन खरखरत असतो. मी पुतण्याला दोन वाक्यांत सांगायचं ते घरीच ठरवून जायचो. बाकीचा वेळ त्याला बोलू द्यायचं. आपल्याला सांगायची घाई असते, पण आठवडाभर त्याचं ऐकायला कुणी नसतं, हे आपण विसरतो.

किती वेळा भेटता येतं ते जेलच्या फलकावर लिहिलेलं असतं. महाराष्ट्रात १९६२ चे बंद्यांच्या सुविधांचे नियम आहेत, त्यानंतर परिपत्रकं निघत गेली. कच्च्या कैद्याला साधारण आठवड्यातून एकदा, शिक्षा लागलेल्याला त्याहून कमी. तुमच्या जेलचा वार आणि आडनावाप्रमाणे वेळ ठरलेली असेल तर आधी फोन करून विचारा. चुकीच्या वारी पोचलं की दिवस गेला.

लेकीचं सांगतो. पुतण्याचंही तेच होतं, पोराला आणू नका. बाप माणूस, पोराच्या डोळ्यांत आपण पडू अशी भीती. त्याचं पोर तेव्हा सात वर्षांचं. शाळेत कुणीतरी सांगितलंच त्याला, आणि जसं सांगायला नको तसं सांगितलं. त्यानंतर ते पोर आईवर चिडलं, बापावर नाही. "तू खोटं बोललीस." तेव्हा मी नेलं त्याला. आदल्या रात्री सांगितलं की पप्पा एका मोठ्या भिंतीच्या घरात आहेत, भांडणाचा निकाल लागेपर्यंत त्यांना तिथंच राहायला लागतं, आपल्याला काचेतून बोलता येईल, हात लावता येणार नाही. हे शेवटचं आधी सांगणं फार महत्त्वाचं. न सांगता नेलेली पोरं काचेवर थापा मारतात, आणि ते बघणं बापालाही सोसत नाही. आमच्या पोराने आत गेल्या गेल्या पहिला प्रश्न विचारला, "तुमची चड्डी कोण धुतं?" पुतण्या इतका हसला की पलीकडचा हवालदार डोकावून गेला.

काही कारागृहांत गळाभेटीचा कार्यक्रम होतो. नागपूरला झाला, कोल्हापुरात कळंब्याला झाला. लहान मुलांना काचेशिवाय बापाच्या मांडीवर बसू देतात, खाऊ असतो. बहुतेक करून शिक्षाबंद्यांसाठी असतो, पण विचारायला काय जातं.

जाता जाता आमच्या गावाकडचं एक. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर म्हणून खुली वसाहत आहे. औंध संस्थानच्या काळातली, १९३९ ची. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन, ज्यांना आम्ही भारतानंद म्हणतो, यांनी ती उभी केली. जन्मठेपेचे कैदी तिथं बायकापोरांसह राहतात, शेती करतात. भिंत नाही. त्यावर पुढे 'दो आँखें बारह हाथ' हा प्रसिद्ध सिनेमाही निघाला. सिनेमा सगळ्यांना माहीत, वसाहत कुणाला नाही. आमच्या लहानपणी तिथल्या माणसांना बाजारात बघायचो, त्यांची पोरं आमच्यासारखीच धुळीत खेळायची. पुतण्याच्या काचेसमोर बसलो की मला हमखास ती आठवायची. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी एका संस्थानिकाला जे जमलं त्याचं आज नवल वाटावं, याचा राग येतो.

---

रोखठोक

माफ करा पण सगळे इतके कळवळून लिहिताय. ज्याला मार बसला त्याच्या घरी काय चाललंय ते कुणी विचारलं का? त्यालाही बायकापोरं असतील. जेल म्हणजे सासर नाही. भेटीगाठी हव्या होत्या तर हात उचलायच्या आधी विचार करायचा. सरकारने आता कैद्यांना फोन द्या, व्हिडिओ द्या, पंजाबात तर बायकोसोबत एकांतात भेटायची सोय केली म्हणे. कर भरणाऱ्यांनी काय करायचं?

---

एकेकाळचा_आतला

रोखठोक, मी आत राहिलोय म्हणून सांगतो, रागावू नका. दोन वर्षं बराकीत काढली. जामीन झाला, केस चालू आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

मुलाकातीची हाक आली की बराकीतला माणूस काय करतो माहितीये? शर्ट उसना घेतो. आमच्यात एकाकडं निळा चांगला शर्ट होता, तो शर्ट मुलाकातीला जवळपास सगळ्यांनी घातलाय. घरच्यांना वाटायला नको की हाल चाललेत. आणि हाक न आलेला माणूस त्या दिवशी कुणाशी बोलत नाही. ज्यांची मुलाकात येतच नाही ते हळूहळू आतल्या भाईलोकांच्या वळचणीला जातात. साबण तोच देतो, बिडी तोच देतो, वकीलही तोच लावतो. बाहेर आल्यावर हिशोब फेडायचा असतो. घरचं माणूस आठवड्याला आलं की त्या भाईची गरज पडत नाही. कर भरणाऱ्यांनी याचाही हिशोब करावा.

मोगराताई, लेकीला न्या. मिस्टर नाही म्हणतायत पण त्यांचं ऐकू नका. मी पण नाही म्हणत होतो. फक्त पहिल्यांदा नेताना त्यांना आधी कळू द्या, पत्राने किंवा फोनने. अचानक समोर पोरगी बघितली तर माणूस ढासळतो. आता बऱ्याच जेलात स्मार्ट कार्डचे फोन बसलेत, ठरलेल्या नंबरावर ठरलेली मिनिटं बोलता येतं. तुमचा नंबर त्यांच्या यादीत टाकलाय का विचारा. यादीत नंबर टाकायला तुमच्या नावचं सिमकार्ड असल्याचा कागद लागू शकतो.

---

आटपाडीकर

रोखठोक, तुमचा पहिला प्रश्न रास्त आहे. मार बसलेल्याच्या घरी कुणी जात नाही हे खरं. आमच्या केसमध्ये समोरच्या घरचा म्हातारा माझा जुना मित्र होता, आणि मी तीन वर्षं त्याच्या दारावरून मान खाली घालून गेलोय. त्याच्या औषधपाण्याला सरकारने मदत करावी म्हणून तुम्ही लिहा, मी सही करतो. पण मोगराताईंनी नवऱ्याला भेटू नये याने त्या घरातल्या कुणाचं काय भागणार आहे?

आणि कच्चा कैदी म्हणजे दोषी नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२२ चे आकडे बघा. देशभरच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसं, त्यातली ४ लाख ३४ हजारांवर कच्चे कैदी. चारांतले तीन. यातले किती सुटणार आहेत हे तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही. माझा पुतण्या त्यातलाच एक होता.

---

सनद

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते, फौजदारी बाजू. मोगराताई, सरळ तुमच्या प्रश्नांवर येते.

बायकोला अडवता येतं का? १८९४ चा तुरुंग कायदा बऱ्याच बाबतींत जुनाट आहे, पण त्याचं कलम ४० वाचण्यासारखं आहे. कच्च्या कैद्याला ज्या व्यक्तींशी बोलायची इच्छा आहे त्यांना योग्य वेळी आणि योग्य बंधनांसह आत येऊ देण्याची तजवीज केली पाहिजे, असं त्यात म्हटलंय. म्हणजे सुरुवात कैद्याच्या इच्छेपासून होते, आडनावापासून नाही. ओळख पटवणं हा जेलचा अधिकार आहे आणि तो असायलाच हवा, नाहीतर कुणीही कुणाची बायको म्हणून जाईल. पण ओळख पटवायला जन्मदाखला, रेशनकार्ड, कैद्याचा स्वतःचा अर्ज हे सगळं चालायला हवं. आटपाडीकर काकांनी आतून अर्ज द्यायला सांगितलाय, त्याला म्हणून वजन आहे.

झडतीबद्दल कुणी विचारलं नाही, पण बायकांना तिथंच त्रास होतो म्हणून लिहिते. कलम ४१ प्रमाणे भेटायला येणाऱ्याची झडती घेता येते, पण दुसऱ्या कैद्यासमोर किंवा दुसऱ्या भेटणाऱ्यासमोर नाही. झडतीला नकार दिला तर प्रवेश नाकारता येतो, मात्र त्याचं कारण नोंदवावं लागतं. तुमची झडती महिला कर्मचाऱ्यानेच आणि आडोशाला घ्यावी, हे मागायला लाजू नका.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल अर्जात टाका. एक सुनील बत्रा, १९७९ डिसेंबरचा, सुनील बत्रा दोन म्हणून ओळखतात. हा खटला कसा सुरू झाला ते ऐका. तिहारमध्ये फाशीच्या शिक्षेतला कैदी बत्रा, त्याने न्यायाधीशांना पत्र लिहिलं की शेजारच्या एका कैद्याला वॉर्डरने अमानुष मारलं. कशासाठी? त्याला भेटायला येणाऱ्या नातेवाइकांकडून पैसे काढायचे म्हणून. कोर्टाने ते पत्रच याचिका धरलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी लिहिलं की घरच्यांची भेट हा एकाकीपणात माणसाला मोठा आधार असतो आणि तो हिरावून घेण्यात आनंद मानणारी यंत्रणा माणुसकी हरवलेली असते. शिवाय सवलती काढून घेण्यासारखी शिक्षा सत्र न्यायाधीशांच्या विचाराशिवाय देऊ नये, अगदीच तातडी असेल तर दोन दिवसांत त्यांना कळवावं, असंही सांगितलं. जेलमध्ये तक्रारपेट्या ठेवायला सांगितल्या त्याही याच निकालात.

दुसरा फ्रान्सिस कोरॅली मुलिन, जानेवारी १९८१. ही ब्रिटिश बाई, तस्करीविरोधी कायद्याखाली स्थानबद्ध, तिहारमध्येच. तिची साधारण पाच वर्षांची मुलगी बाहेर तिच्या बहिणीजवळ. महिन्यातून एकच भेट असा नियम होता. न्यायमूर्ती भगवतींनी तो नियम रद्द केला, आठवड्यातून निदान दोनदा भेटू द्या म्हटलं. आणि जगण्याचा हक्क म्हणजे नुसता श्वास घेण्याचा नव्हे, घरच्यांना भेटणं त्यातच येतं, हे त्यात स्पष्ट आलं. तुमच्या लेकीएवढ्याच मुलीमुळे झालेला निकाल आहे हा.

आता व्हीसी. रिमांड वाढवायला व्हीसी चालते, त्याला आमचा इलाज नाही. पोलीस पार्टी मिळत नाही हे रोजचं रडगाणं. पण तुमच्या वकिलांना ट्रायल कोर्टात अर्ज देता येतो की आरोपीला पुढच्या तारखेला प्रत्यक्ष हजर करा, वकिलाशी सल्लामसलत करायची आहे. दोषारोप ठेवायच्या, म्हणजे चार्ज फ्रेम करायच्या तारखेला तर मागाच. त्याच अर्जात कोर्टाच्या परवानगीने कुटुंबाला दहा मिनिटं भेटू द्यावं, असं लिहा. बरेच न्यायाधीश देतात. व्हरांड्यात पार्टीच्या मेहेरबानीवर उभं राहण्यापेक्षा हे बरं.

जवळच्या जेलमध्ये परत आणण्याचा अर्जही करा. सासूबाईंच्या गुडघ्याचे कागद जोडा, मुलीच्या शाळेचा दाखला जोडा. संयुक्त राष्ट्रसंघाचे २०१५ चे नेल्सन मंडेला नियम आहेत, त्यातला ५९ वा सांगतो की शक्य तितकं घराजवळ ठेवावं. ते आपल्याकडे थेट लागू नाहीत, पण वाचून दाखवायला हरकत नसते. हमखास होईल असं सांगत नाही, गर्दीचं कारण पुढं करतातच.

वकील खाजगी परवडत नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला आणि कुठल्याही स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याचं कलम १२. फोन १५१००. आणि एक, पहिलाच गुन्हा असेल तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर जामिनाची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेच्या कलमांना ती नाही. तुमचं कलम कुठलं ते वकिलांना विचारा.

राहता राहिली वही. ती वही नसून सही असणार असं मला वाटतं. वकीलपत्रावर सही घ्यायची असेल, किंवा केलेली सही जेलने साक्षांकित करून दिली नसेल. आपल्या वकिलांना आजच फोन लावा.

रोखठोक, पंजाबचं खरं आहे. २०२२ मध्ये गोइंदवालच्या जेलपासून सुरू केलं, चांगल्या वागणुकीच्या कैद्यांसाठी. आभाळ काही कोसळलेलं दिसत नाही.

---

मोगरा

सगळ्यांचे आभार. सनदताई, सहीच होती! वकिलांना फोन केला. त्यांनी जामिनाच्या अर्जासाठी वकीलपत्र जेलमध्ये पाठवलं होतं, ते परत आलंच नव्हतं. म्हणजे आम्ही इकडं वाट बघतोय नि कागद तिकडं पडून. वकिलांचा माणूस उद्या जातोय.

जन्मदाखला घेऊन मीही गेले होते. खिडकीवर दुसरे हवालदार होते. अर्ज पुढं केला तर त्यांनी वाचून बाजूला ठेवला, शिक्का दिला नाही, पण मुलाकात दिली. मिस्टरांना लेकीला पुढच्या वेळी आणणार म्हणून सांगितलं. आधी नाहीच म्हणाले. मग म्हणाले, आणायचीच तर शाळेच्या युनिफॉर्मात आणू नको. का ते मी विचारलं नाही.

सासूबाईंचा ई-मुलाकातीचा फॉर्म भरलाय, मंजुरी अजून आलेली नाही. एक विचारायचं राहिलं. पैसे पाठवायचे तर मनिऑर्डर कशी करायची? मी खिडकीवर दिले तर घेतले नाहीत.

---

आटपाडीकर

बरं झालं घेतले नाहीत. रोख कुणाच्याच हातात द्यायची नाही, कितीही गोड बोलला तरी. पोस्टात मनिऑर्डर करा, अधीक्षकांच्या पत्त्यावर. फॉर्मवर मिस्टरांचं पूर्ण नाव आणि त्यांचा यूटी नंबर (अंडरट्रायल, म्हणजे कच्च्या कैद्याचा नंबर) घालायला विसरू नका, त्याशिवाय पैसे त्यांच्या खात्यावर चढायला उशीर होतो. नंबर त्यांच्या पत्रावर असेल, नाहीतर मुलाकातीच्या पावतीवर बघा. ते पैसे आतल्या कॅन्टीनला वापरता येतात, महिन्याला किती याची मर्यादा असते, ती विचारून तेवढेच पाठवा. पोस्टाची पावती जपून ठेवा.

शिक्का दिला नाही ना, मग अर्जाची एक प्रत स्पीड पोस्टाने अधीक्षकांना पाठवून द्या. हवालदार बदलला की नियम बदलतो, त्यासाठी.

आणि लेकीला नेताना मोबाईल बाहेरच कुणाजवळ तरी ठेवा. गेटसमोरच्या टपऱ्यांवर ठेवून घेतात, पण आधी पैसे ठरवा. पोरीला सकाळी खाऊ घालून न्या, आतल्या प्रतीक्षेत डबा उघडू देत नाहीत.